तबकातले नऊ पेले

तबकात अठ्ठेचाळीस पेले होते. एकोणचाळीस रिकामे, नऊ भरलेले. गुणाबाईनं पुन्हा मोजून पाहिलं, आकडा तोच आला.

नऊच्या नऊ पेले डावीकडच्या पुढच्या दोन बाकांवरचे होते. प्रभुभोजनाचा घोट घेतला की ज्यानं त्यानं आपला इवला काचेचा पेला समोरच्या फळीतल्या भोकात ठेवायचा, आणि उपासना संपल्यावर गुणाबाईनं तबक घेऊन एकेका बाकावरून ते गोळा करायचे, अशी लातूरच्या त्या लहानशा चर्चमधली रीत होती. त्यामुळे कोणता पेला कुठला, हे तिला कुणाला विचारावं लागत नसे. पुढच्या बाकांवरच्यांनी पेले ओठांपर्यंत नेले होते, हे तिनं मागून पाहिलं होतं. ओठांच्या पुढे ते गेले नव्हते.

उरलेला रस मोरीत टाकायचा नाही, ही दुसरी रीत. तिनं नऊ पेले लोट्यात रिकामे केले आणि बाहेरच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतले. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. भेगाळलेल्या मातीनं तो घोट बघता बघता ओढून घेतला.

"हिनं तरी पिलं," गुणाबाई पुटपुटली.

चर्चची झाडलोट ती बारा वर्षं करत होती. बाक पुसायची, घंटा वाजवायची, लग्नाला हार बांधायची. तिच्या हातच्या झाडूबद्दल कधी कुणी काही बोललं नव्हतं. प्रभुभोजनाचा रस करायच्या त्या सुलोचनाबाई. त्या लेकाकडे सोलापूरला गेल्या आणि याकोब पाळकांनी ते काम गुणाबाईला दिलं. मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, यात अवघड काही नव्हतं. पण पुढच्या बाकांवर जुन्या गल्लीतली घरं बसत. आज्याच्या काळात बाप्तिस्मा घेतलेली, मास्तर आणि नर्सांची घरं. गुणाबाईचा बाप्तिस्मा देवणीकडच्या मांगवाड्यातला, तोही नवरा गेल्यानंतरचा. ख्रिस्तात जात नाही, हे सगळेच म्हणत. तीही म्हणत असे.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी व्यंकटराव पाळकांच्या स्वयंपाकघरात आले. ते मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. लातूर जिल्हा नवा झाला तसे नव्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून झाले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या साध्या प्रश्नालाही चौकशीचा वास येई. गुणाबाई चुलीपाशी पातेलं ढवळत होती.

"मनुका किती टाकतीस गं?"

"सुलोचनाबाई टाकायच्या तितक्याच, अण्णा. डबा हाय तिथं, बघा की."

व्यंकटरावांनी डबा उघडला, हलवला, झाकला.

"लोक म्हणून राहिले, रस पानचट लागतोय."

"पिऊन म्हनून राहिले का न पिताच?"

व्यंकटरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मनुकाचं न्हाई मग. पाण्याचं असंल. आडाचं पाणी लई मचूळ झालंय या दुष्काळात. म्हाताऱ्या माणसांना सोसत न्हाई."

गुणाबाई ढवळायची थांबली. पाण्याचंच असलं तर किती बरं, असं तिला खरंच वाटलं.

"तुमच्या बोअरचं गोड हाय म्हनतेत. एक घागर द्या मग. ह्ये ओतून देते, नव्यानं करते."

नाही म्हणायला जागा नव्हती. घागर आली. दुसऱ्या दिवशी उपासनेआधी व्यंकटरावांनी उभं राहून सांगितलंही, आजचा रस आमच्या बोअरच्या पाण्याचा आहे म्हणून.

नऊ पेले भरलेले राहिले.

संध्याकाळी ती पाळकांच्या ओट्याशी उभी राहिली. "साहेब, पानी बदललं. पेले तेच."

याकोब पाळक तरुण होते, भांडणाला भिणारे होते. "संशय घेऊ नका, गुणाबाई. बायबलातल्या करिंथ शहराच्या मंडळीतही असेच तट पडले होते. प्रेषित पौलानं त्यांना पत्र लिहून प्रीती शिकवली. प्रीती करणाऱ्यानं दुसऱ्याच्या चुकांचा हिशेब ठेवू नये, सोसावं."

"त्येच पत्र तुमी पाऊस लांबला तवा सांगितलं व्हतं. तिथं प्रभुभोजनाला आधी आलेले पोटभर जेवायचे, अन कामावरून उशिरा येनारे उपाशी बसायचे. पौल रागावला व्हता म्हनला तुमी."

"रागावला होता."

"कुनावर, साहेब? उपाशी बसनाऱ्यावर?"

पाळकांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं.

"मंडळीच्या वडिलांची बैठक झाली," ते म्हणाले. "यापुढं रस दुसऱ्या कुणी करावा असं ठरतंय. पाण्यासाठीच. झाडलोट तुमच्याकडंच राहील."

"एकडाव करू द्या. शेवटचं. पान्याचं आसंल तर मी गप बसते. हाताचं आसंल तर मलाबी कळू द्या, मी कुनाच्या पंगतीत बसून राहिले ते."

पाळकांनी होकारार्थी मान हलवली.

त्या महिन्याच्या शेवटी गुणाबाईनं आडात पोहरा सोडला. दोर पुरेना, म्हणून त्याला जुन्या लुगड्याची पट्टी जोडावी लागली. वर आलेलं पाणी तिनं जिभेवर घेतलं. पहिल्यापेक्षाही मचूळ होतं. मनुका मोजून तितक्याच घातल्या.

रविवारी सकाळी तिनं उजव्या हाताला चिंधी गुंडाळली. हाताला काही झालेलं नव्हतं.

व्यंकटरावांच्या पत्नी उमादेवी लवकर आल्या होत्या. "अगं बाई! काय झालं गं हाताला?"

"तबक धरवत न्हाई, अक्का. आज पेले तुमीच भरा. फिरवा बी तुमीच."

उमादेवींनी तांब्या उचलून वास घेतला. "रस कुठला हाय?"

"पाळकबाईंच्या चुलीवरचा."

यात खोटं काही नव्हतं. रस दर वेळी पाळकांच्या घरातल्या त्याच चुलीवर व्हायचा. उमादेवींचा चेहरा सैल झाला. "मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून पेले भरू लागल्या.

तबक बाकांवरून फिरलं. शेवटच्या बाकावर आलं तेव्हा गुणाबाईनं डाव्या हातानं आपला पेला घेतला. पाळक दर वेळेप्रमाणे म्हणाले की पेला उचलण्याआधी प्रत्येकानं स्वतःला पारखावं, शेजाऱ्याला नाही. गुणाबाई डावीकडच्या पुढच्या दोन बाकांकडे बघत होती. माना मागे झुकल्या. व्यंकटरावांनी मिशी पुसली.

बाहेर पडताना व्यंकटरावांच्या म्हाताऱ्या आईनं उमादेवींच्या पाठीवरून हात फिरवला. "आज लई गोड झालाय बघ. हात लागतो, माय, हात."

गुणाबाई दाराशी चपला सरळ करत होती. तिनं मान वर केली नाही.

अंगण रिकामं झाल्यावर तिनं चिंधी सोडली, घडी घालून कमरेला खोचली आणि तबक घेऊन डावीकडच्या पहिल्या बाकापासून सुरुवात केली.

अठ्ठेचाळीस पेले होते. सत्तेचाळीस रिकामे. एक भरलेला, शेवटच्या बाकावरचा, तिचा.