परक्या ढोलावर

घोडीला नाचायला शिकवणं सोपं, न नाचायला शिकवणं अवघड, असं गिरधरआप्पा सांगायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत एकाच मैदानात पंधरा-वीस ढोल एकदम वाजतात. कच्चं जनावर प्रत्येक ढोलाला पाय उचलतं आणि चारचौघांत मालकाचं हसं करतं. आप्पांची मैना तसली नव्हती. ती ओळखायची फक्त शेजारच्या अजीजचा हात. अजीजचा ढोल सुरू झाला की पाय सुरू, तो थांबला की पाय जागच्या जागी थंड. बाकीचे ढोल फुटून गेले तरी तिचा कान हलत नसे. हे आप्पांनी तिला तीन वर्षं खपून शिकवलं होतं आणि त्याचा तोरा गावभर मिरवला होता.

अजीजला जाऊन दोन वर्षं झाली. आप्पांची बायको भिकुबाई त्याच्याही आधी गेली. आणि यंदा उन्हाळा संपता संपता कंपवाताने आप्पांना गाठलं. हात थरथरायचा, त्याचं एवढं नाही. पण डावा पाय मध्येच जमिनीला चिकटायचा. उंबऱ्यापाशी आले की तो अडून बसे. ज्या माणसाने चाळीस वर्षं घोड्यांचे पाय उचलले, त्याला स्वतःचा एक पाय उचलेना. देवाला कधी कधी चेष्टेची लहर येते, आणि ती तो नेमकी म्हाताऱ्या माणसाची करतो.

मुलगा भाग्येश सुरतेहून आला, बापाला उंबऱ्यात अडकलेलं पाहून घाबरला.

"आप्पा, सुरतले चला. आठे तुम्हले कोन देखी?"

"मन्हा पाय मी देखसू."

"आनि पडनात तर?"

"पडसू तर मन्हा आंगनमा पडसू. तुन्हा तिसरा मजलावरथीन तर नही पडाव!"

बापलेकांत बरीच तणातणी झाली. शेवटी ठरलं ते असं : यात्रेच्या दिवशी आप्पांनी घरापासून दत्ताच्या मंदिरापर्यंत, कुणाचा हात न धरता, काठीशिवाय चालून दाखवायचं. दाखवलं तर भाग्येश पुन्हा सुरतेचं नाव काढणार नाही. नाहीतर आप्पा सुरतेला, आणि मैना ज्याला कुणाला हवी असेल त्याच्या दावणीला. मंदिर पाचशे पावलांवर होतं. हाती चार महिने होते.

नंदुरबारच्या दवाखान्यातून व्यायामाचा कागद मिळाला होता. पाय वर, दहा वेळा. जागच्या जागी पावलं, शंभर. आप्पा भिंतीकडे तोंड करून मोजायचे, आणि चारावर पाय अडायचा. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना लाज वाटायची. शेजारची निर्मलाबाई दोन वेळा डबा ठेवून जाई, तिचा नवरा मैनेला चारा-पाणी करी. त्यापलीकडे दिवसभर त्या घरात कुणी बोलायला नव्हतं. मग मोजणंही सुटलं.

व्यायाम शिकवणाऱ्या यास्मीन डॉक्टरांनी पुढच्या खेपेला बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "काका, आकडे कशाला मोजता? ताल धरा. आवडीचं काही लावा आणि त्यावर पाऊल टाका."

आप्पांना गाण्याचा गंध नव्हता. पण मोबाइलमध्ये अजीजचा ढोल होता, त्याच्या शेवटच्या यात्रेतला, अकरा मिनिटांचा. दोन वर्षांत तो लावायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मोबाइल खिडकीत ठेवला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पहिली थाप पडली आणि डावा पाय वर आला. आप्पा चकित होऊन पायाकडे पाहत राहिले. बाहेर खूर वाजला म्हणून पाहिलं, तर अंगणात मैनेनेही पाय उचलला होता.

तेव्हापासून रोज सकाळी खिडकीच्या आत आप्पा आणि बाहेर मैना. सातव्या मिनिटाला ढोलामागे अजीज खोकायचा. "पानी पी रे," आप्पा म्हणायचे. कित्येक दिवस त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच वाक्य असे.

यात्रेच्या दिवशी आप्पांनी नवी टोपी घातली, मोबाइल खिशात टाकला, आवाज मोठा केला आणि निघाले. उंबरा असा ओलांडला की सुरतेहून आलेला भाग्येश पाहतच राहिला आणि मागोमाग निघाला. दुकानांची गर्दी लागली, मैदानातले ढोल चहूकडून कानावर आदळू लागले, पण आप्पांच्या कानात एकच हात होता. तीनशे पावलं झाली असतील. मंदिराचा कळस दिसायला लागला.

आणि खिशातला ढोल बंद पडला. मोबाइल वाजायला लागला. सुरतेहून सूनबाईचा फोन होता, आप्पा पोचले का विचारायला.

पाय जागच्या जागी थंड झाला.

भाग्येशने फोन कापला, पण घाईत त्याला ढोल पुन्हा लावता येईना. "आप्पा, आते ढोल तर चारीमेर वाजी ऱ्हायनात! चाला ना!"

खरंच, वीस ढोल वाजत होते. आप्पांनी जीव तोडून जवळच्या ढोलाकडे कान लावला, पण पाय हलेना. मग त्यांच्या लक्षात आलं. इतके दिवस त्यांनी पायाला तेच शिकवलं होतं, जे मैनेला शिकवलं : परक्या ढोलावर उठायचं नाही. इतकं पक्कं शिकवलं, की आता मालकाचाही इलाज चालेना. भर यात्रेत, हजार माणसांत, त्यांना भिकुबाई गेली त्या दिवसासारखं एकटं वाटलं.

भाग्येशने हात पुढे केला. आप्पांनी तो पाहिला. धरला की सगळं संपत होतं.

ढोलाला हात लावण्याआधी अजीज नेहमी तोंडाने बोल म्हणून घ्यायचा. आप्पांनी डोळे मिटले. "धिं ना तक, धिं ना तक," ते पुटपुटले. काही झालं नाही. मग लाज सोडली आणि ओरडले, "धिं ना तक! धिं ना तक!" डावा पाय निघाला. लोक वळून पाहू लागले. "आजोबांनी सकाळीच लावली," कुणीतरी हसलं. भाग्येश कानापर्यंत लाल झाला, पण बापाला गप्प राहा म्हणाला नाही. उरलेली दोनशे पावलं आप्पा ओरडत गेले आणि मंदिराच्या पायरीवर धपकन बसले.

भाग्येश शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने मोबाइलमध्ये काही बदल केला. "आते कोनाबी फोन उना तरी ढोल बंद व्हवाव नही, आप्पा. फोन वाजावच नही."

"तुन्हा उना तरी?"

भाग्येश वाकून पाया पडला, आणि बस गेली.

आप्पा जिंकले होते. घर त्यांचं, अंगण त्यांचं, आणि सुरतेचं नाव आता कुणी काढणार नव्हतं. अंगणात मैनेसमोर उभे राहून त्यांनी मोबाइल न लावताच सुरू केलं, "धिं ना तक, धिं ना तक." त्यांचा पाय उचलला. मैना तशीच उभी. त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने म्हटलं. तिने कानही हलवला नाही.

आप्पांनी तिच्या मानेवर हात ठेवला. "तुले अजीजच पाहिजे ना?" ते म्हणाले. "मालेबी."

आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून बटण दाबलं.