एक भागिले सतरा

०.

एवढंच लिहून लेकीने खडू थांबवला. मागे वळून विचारलं, "पुढे करू?"

"कर," मी म्हणाले. खरं तर विचारलं होतं मुख्याध्यापिका बाईंना. पण त्या घड्याळ बघत होत्या. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते मी, सारखं घड्याळ बघणारी गिऱ्हाइकं मला रोजची. एरवी मी हसते. आज तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण सांगते. परीक्षेत प्रश्न होता: एक भागिले सतरा, ही संख्या परिमेय की अपरिमेय? लेकीने लिहिलं, परिमेय. गणिताच्या सरांनी लाल फुली मारली. त्या एका मार्काने तिची वरची तुकडी हुकली. वरच्या तुकडीत गेलं तरच पुढे गणित घेता येतं. बाकीच्यांनी टक्केवारी शिकायची आणि गप्प बसायचं. आणि ही पोरगी दात घासतानासुद्धा भागाकार करते.

०.०५

"...नियमच आहे तसा," सर म्हणत होते. "दशांश संपत नाही, आकडे त्याच क्रमाने परत येत नाहीत, तर ती संख्या अपरिमेय. तुम्हीच बघा, ताई." त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरला. ०.०५८८२३५. "कुठे संपलं? कुठे परत आलं?"

"सर, त्याची खिडकीच तेवढी आहे," लेक फळ्याकडे तोंड करूनच बोलली. "पुढचे आकडे बाहेर उभे आहेत."

मुलं यांना बटणसर म्हणतात. मी लेकीला त्यावरून रागावले होते. तो राग मी परत घेतला.

०.०५८८

"आणि हे बघा," तिने फळ्याच्या कडेला बाक्या लिहायला घेतल्या. दहा. पंधरा. चौदा. चार. "सतराने भागतेय ना, मग बाकी शून्य ते सोळा यांतलीच उरणार. शून्य उरली तर भागाकार संपला. नाही उरली, तर नव्या नव्या बाक्या आणणार कुठून? कधीतरी जुनीच परत येणार. ती आली की पुढचं सगळं परत तेच."

"मग दोनचं वर्गमूळ?" सरांनी बटणं दाबली. "हे बघ. तेही असंच दिसतं."

"दिसतं. पण ते पूर्ण संख्येखाली पूर्ण संख्या ठेवून लिहिताच येत नाही. कुठल्याही नाही. म्हणून ते अपरिमेय. आणि हे..." खडू मोडला. "हे तर प्रश्नातच अपूर्णांक म्हणून छापलंय, सर! वर एक, खाली सतरा!"

म्हणजे माणूस दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून उभा आहे, आणि हे त्यालाच विचारतायत, तू कोण? आणि उत्तर आवडलं नाही म्हणून फुली मारतायत!

०.०५८८२३५२

"असं आहे," बाई म्हणाल्या. असं आहे म्हणणारी माणसं पुढे काय आहे ते कधीच सांगत नाहीत. "सगळ्या तुकड्यांचे पेपर याच उत्तरसूचीवर तपासलेत. ज्यांनी अपरिमेय लिहिलं त्यांचे मार्क आता काढून घ्यायचे? पालक माझ्या दारात उभे राहतील."

"मग आत्ता दारात उभी आहे ती मी कोण? मी काय पोस्टमन आहे?" मी म्हणाले.

सर हसू दाबायला खोकले. बाई नाही खोकल्या.

०.०५८८२३५२९४११

"मुलगी हुशार आहे, वादच नाही," बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तिला एक मार्क ग्रेसचा देऊन टाकू. जाईल वरच्या तुकडीत. विषय सं..."

"नको," लेक.

"घे गं!" हे मी म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला होता ना. तुकडी मिळत होती, आणखी काय हवं?

तिने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ तिने सरांकडेसुद्धा तसं बघितलं नव्हतं.

"आई, ग्रेस म्हणजे माझं चुकलं आणि यांनी दया केली. माझं कुठे चुकलंय? मागच्या बाकावरच्या चष्मेवालीनेही परिमेयच लिहिलंय. तिची आई आज भांडायला आलेली नाही. तिने काय करायचं?"

राग होता तसाच होता. फक्त आता त्यात मीही होते.

०.०५८८२३५२९४११७६४७

बाकी, एक.

जिथून सुरुवात केली तीच. लेकीने तिच्याभोवती गोल केला आणि खडू सरांपुढे धरला. "पुढचा आकडा तुम्ही सांगा, सर. बटण न दाबता."

सरांनी त्या गोलावर बोट ठेवलं.

"शून्य," ते म्हणाले.

"मग?"

"पाच. आठ. आठ... मी भागून बघितलंच नव्हतं."

"सर, पुरे," बाई उठल्या. "इथे पुढचा तास आहे. फळा पुसा."

डस्टर टेबलावर होता. मी तो उचलला, पर्समध्ये टाकला, चेन लावली.

"उत्तरसूची बदलल्याशिवाय फळा पुसला जाणार नाही."

"अहो, हा काय पोरखेळ!"

"पोरीचाच खेळ आहे. सगळ्यांना कळेपर्यंत चालू दे."

बाई सरांकडे वळल्या. सर कपाटाकडे गेले होते. त्यांनी पेपरांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, त्याची दोरी सोडली आणि लाल पेनाचं टोपण उघडलं.

"उत्तरसूचीवर माझी सही आहे, सर," बाई म्हणाल्या.

"हो. आणि उत्तर माझं." त्यांनी वर न बघता लेकीला विचारलं, "मागच्या बाकावरची म्हणालीस ना? तिच्यापासूनच सुरू करतो."