दोन जावा आणि ओझोनचा फुगा

“फुगा तो फुगा. त्याचं मेलं एवढं कौतुक कशाला!”

हे आपण मनातल्या मनात म्हणालो असं थोरलीला वाटलं. प्रत्यक्षात ती चांगली ऐकू जाईल अशी पुटपुटली होती, आणि टेबलाच्या पलीकडे फुग्याची दुसरी कड धरून तिची धाकटी जाऊच उभी होती. धाकटीनं मान खाली घातली आणि रबराच्या घड्या मन लावून सोडवायला घेतल्या. ऐकणं हे काही तिच्या नोकरीत बसत नव्हतं.

दोघी हवामान केंद्रात कामाला. रोज सकाळी तिथून एक मोठा फुगा आकाशात सोडायचा, त्याला दोरीनं एक छोटं यंत्र बांधायचं, आणि ते वर जाता जाता रेडिओवरून जे कळवेल ते उतरवून घ्यायचं. हवा किती गार, किती दमट, दाब किती. एक दिवस थोरलीचा, एक दिवस धाकटीचा. जिचा दिवस नसेल तिनं मदतीला उभं राहायचं. थोरली या कामात मुरलेली. “घरात बसून काय माश्या मारतेस,” म्हणून धाकटीला इथं आणली ती तिनंच, साहेबांकडे स्वतःचा शब्द टाकून. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं थोरलीकडे यावं.

शिकवलंही तिनंच. “भोपळ्यासारखा टम्म करायचा नाही बरं का. सोडताना फुगा ढिला दिसला पाहिजे, बारक्यानं थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखा. वर जावं तशी हवा विरळ होत जाते. बाहेरून दाबणारं कुणी उरत नाही, मग आतला गॅस हातपाय पसरतो. इथं या टेबलावर मावणारा फुगा वर खोलीएवढा होतो, बाई! त्याला पसरायला जागा ठेवलीस तर उंच जाईल. खालीच पोटभर भरलास तर अर्ध्या वाटेत फुटेल.”

धाकटीनं ते सगळं ऐकलं आणि तसंच्या तसं केलं. हाच तिचा गुन्हा.

आधी तिचे फुगे थोरलीच्या बरोबरीनं जायला लागले, मग तिच्याही वर. साहेब मुळात मवाळ माणूस, हातात चहाचा कप घेऊन यायचे आणि पडद्यावरची उंचीची रेघ बघून धाकटीला म्हणायचे, “वा!” थोरलीच्या दिवशी म्हणायचे, “छान.” ‘वा’ आणि ‘छान’ यांत किती अंतर असतं ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही, पण थोरलीला ते जेवताना, झोपताना, केस विंचरताना बरोबर मोजता यायचं.

घरी तरी सुटका असावी! दोघींचा संसार एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात. एका थंड सकाळी गावावर धूर साचला. एरवी जमिनीजवळची हवा तापते, वर चढते आणि जाताना धूरही घेऊन जाते. पण कधी कधी खालची हवा रात्रभर गारठून तळाशी बसते आणि उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा येतो. मग गाड्यांचा, भट्ट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा सगळा धूर गल्लीबोळांतच कोंडतो. त्या दिवशी फुगा धाकटीचा होता. झाकण किती खाली आलंय ते तिच्या आकड्यांवरून कळलं, आणि शाळांना निरोप गेला की मुलांना मैदानात सोडू नका.

“धाकटीमुळे हो पोरं वाचली खोकल्यातून,” सासूबाई दारात उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या.

“झाकण काय हिनं नेऊन ठेवलं होतं?” थोरलीनं हातातल्या पातेल्याला विचारलं. “माझा दिवस असता तर मला दिसलं नसतं?”

पातेलं बिचारं घासून घासून आरशासारखं झालं.

त्यानंतरच्या तिच्या पाळीला थोरलीनं गॅसचा नळ जरा उशिरा बंद केला. मुद्दाम केला असं म्हणवत नाही. हात रेंगाळला, एवढंच. गॅस जास्त, म्हणून फुगा हातातून सुटला तो सणसणत गेला. दाराशी उभे असलेले साहेब मान वर करून म्हणाले, “वा!”

फुगा लवकर फुटला ही गोष्ट वेगळी. पण ‘वा’ कानात राहिला. पुढच्या पाळीला हात आणखी रेंगाळला. मग तिला ती सवयच लागली. उंची धाकटीनं खुशाल न्यावी, सुटताना तरी कुणी आपल्याकडे बघावं! शेवटी तिचे फुगे असे टम्म दिसायला लागले की नळ उघडा राहिलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. तरी सगळे म्हणत, रबरच खराब आलंय. थंडी फार आहे. साहेबांनी तर रबर पाठवणाऱ्यांना फोनवर झापलंसुद्धा. जिनं सगळ्यांना शिकवलं तिला कोण शिकवणार? धाकटी काही बोलायला तोंड उघडायची आणि, “ताई, चहा ठेवू?” एवढंच विचारून मिटायची.

अशात ओझोन मोजायचं यंत्र आलं. एकच आलं. साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, “हे यंत्र ओझोनच्या दाट थरातून पार गेलं, तर ते काम कायमचं आपल्या केंद्राला मिळेल आणि जी पाठवेल तीच ते सांभाळेल. मध्येच फुटलं तर काम दुसऱ्या केंद्राकडे जाईल.” मग घसा खाकरून म्हणाले, “पहिला मान अर्थात थोरल्या बाईंचा.”

थोरलीला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की रात्री जेवताना घास तोंडात फिरायला लागला.

“तो ओझोन चांगला की वाईट ते एकदा सांगून टाका,” सासूबाई म्हणाल्या. “रेडिओवर एक दिवस म्हणतात त्याला वाचवा, दुसऱ्या दिवशी म्हणतात वाढलाय, बाहेर पडू नका.”

“वायू एकच आहे,” थोरली म्हणाली. “उंचावर असतो तेव्हा उन्हातले घातक किरण अडवतो. आपल्यावर छत्रीच म्हणा ना. इथं खाली गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की तोच तयार होतो आणि नाकातोंडात जाऊन घसा धरतो, छाती जड करतो.”

“म्हणजे जावेसारखा. लांब असली की गुणाची!”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं धाकटी हसली. थोरलीला तेही खपलं नाही, कारण हसणं तिला शोभून दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी फुग्याच्या खोलीत उभ्या राहिल्या. हातात सुती मोजे, अंगावर धातूचं काही नाही. गॅस पेट घेणारा, ठिणगी पडायला नको. फुग्याच्या तोंडाला वजन अडकवलेलं होतं. ते वजन टेबलावरून अलगद उचललं गेलं की गॅस पुरे. थोरलीनं नळ उघडला. रबर हळूहळू उठलं, डोललं. वजन उचललं गेलं. नळ चालूच.

दाराशी उभ्या साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“ताई, वजन उचललं,” धाकटी म्हणाली.

“डोळे आहेत मला.”

रबरावरची एक एक सुरकुती जात होती.

“ताई, बास ना आता.”

“आजचं यंत्र जड आहे. थोडा जास्तच लागणार.”

“जड आहे खरं,” साहेब चष्म्याला म्हणाले.

“त्याचं वजन धरूनच हे वजन लावलंय, साहेब. तुम्हालाही ठाऊक आहे.” धाकटी आता थांबायला तयार नव्हती. “फुटेल हा. ओझोनपर्यंत पोचायच्या आत फुटेल. गॅस जास्त होतोय म्हणून तुमचे सगळेच फुटतायत, ताई, आणि आम्ही आपले रबराला शिव्या देत बसलोय.”

“फुटला तर फुटला. तुझं काय जातंय?”

“माझं काय जातंय?” धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे काम तुम्हाला मिळावं म्हणून मी काल रात्रभर जागी आहे. ढिला सोडायचा हे तुम्ही शिकवलंत मला. झोपेत विचारलं तरी सांगाल तुम्ही. मग असं का करता?”

थोरलीच्या जिभेवर उत्तरं तयार होती. थंडी होती, रबर होतं, वाढतं वय होतं. फुगा डोक्यावर ताठ उभा होता, त्यावर एकही सुरकुती नव्हती. तिनं नळ बंद केला. गॅसची शिट्टी थांबली.

“तुझं चांगलं झालेलं बघवत नाही ग मला,” थोरली म्हणाली.