संपर्कातल्या सगळ्यांना कळवा

मी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्य सिस्टर. बोटातली अंगठी निघेना म्हणून एका बड्या सर्जनला मी थिएटरच्या दारातून परत पाठवलं होतं. तो लालबुंद झाला, वरपर्यंत तक्रार करीन म्हणाला. मी म्हटलं, खुशाल करा, पण अंगठी काढून करा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून मला कुणी वेंधळी समजू नये.

मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटरवर गुडघ्याचे व्यायाम बघत बसले होते. एकदम पडदा लाल झाला, घंटा घणघणायला लागली आणि मोठ्या अक्षरांत आलं, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सतरा व्हायरस सापडले आहेत. ताबडतोब स्वच्छ करा." आता, मला कुणी स्वच्छ कर म्हटलं आणि मी हातावर हात धरून बसले, असं जन्मात घडलेलं नाही. खाली बटण होतं, ते दाबलं. परवानगी मागितली, दिली. पुन्हा मागितली, पुन्हा दिली. एक हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि अभिनंदन आलं. मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू! आतून आमच्या ह्यांना हाक मारून सांगितलंसुद्धा, "बघा, सतरा होते, सगळे मारले."

व्हायरस एकही नव्हता. तो शिरला तो त्या बटणातूनच.

हे कळलं दुसऱ्या दिवशी. सकाळी आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तुमचे फोटो काही उघडत नाहीत म्हणून. मी म्हटलं, कसले फोटो? मग माझी जुनी सहकारीण. मग खालच्या मजल्यावरचे वकील. माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावरून दोनशे चौदा जणांना मेल गेली होती: "प्रिय, कशी आहेस? खूप दिवस बोलणं नाही. जुने फोटो सापडले आणि तुझी आठवण आली. बघ आणि कळव." सोबत एक फाईल. वकिलांनाही "कशी आहेस".

मी काही रडत बसणारी नाही. त्याच खुर्चीत बसून, त्याच कॉम्प्युटरवरून, एकूण एक पासवर्ड बदलून टाकले. दीड तास लागला. मग दुरुस्तीवाल्या बाईंना फोन केला.

बाई आल्या दुपारी. साधारण माझ्याच वयाच्या, आखूड केस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आल्या आल्या त्यांनी एक शब्द न बोलता इंटरनेटची वायर उपटली. ते मला आवडलं. रुग्ण आधी वेगळा करायचा, चौकशा नंतर.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काल सकाळपासून."

"काय दाबलंत?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पासवर्ड बदललेत?"

"सगळे," मी जरा ताठ होऊन म्हणाले. "एकही ठेवला नाही."

"कुठून?"

"इथूनच की."

बाईंनी चष्मा परत खाली सोडला. "म्हणजे चोर घरात बसलाय, आणि तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत नवी कुलुपं लावलीत. या यंत्रावर तुम्ही जे जे टाइप कराल ते त्याला दिसतं."

आतल्या खोलीतून आमचे हे खो खो हसले. छत्तीस वर्षं मी या माणसाला भाजी दोनदा धुवायला लावलीय, त्याचा सगळा वचपा त्या एका हसण्यात निघाला. मी म्हटलं, "दात काढू नका, तुमचा फोन आणा इकडे."

मग बाईंनी ह्यांच्या फोनवरून माझं मेलचं खातं उघडायला लावलं, पासवर्ड नव्यानं बदलायला लावला, आणि यापुढे खातं उघडताना फोनवर येणारा आकडाही मागेल अशी सोय केली. कॉम्प्युटर त्या स्वतः आणलेल्या पेन ड्राइव्हवरून चालू करून तपासत होत्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "हे पुसपास करून भागणार नाही. सगळं रिकामं करून नव्यानं टाकावं लागेल. तुमची कागदपत्रं नीट तपासून तेवढी बाजूला काढते. आणि नव्यानं टाकलं की तुमचं रोजचं खातं साधं ठेवणार. नवीन काही बसवायचं तर वेगळा पासवर्ड लागेल, आणि तो ह्यांच्याकडे राहील."

"ह्यांच्याकडे?"

"जो बटणं दाबत नाही त्याच्याकडे," बाई म्हणाल्या. आमचे हे दारात उभे राहून असे काही गंभीर झाले, जसं काही त्यांना शपथविधीलाच बोलावलंय.

मी मान डोलावली. चूक माझी होती.

"आणि संपर्कातल्या सगळ्यांना कळवा," बाई म्हणाल्या. "आजच. मेल तुम्ही पाठवलेली नाही, ती फाईल उघडू नका, उघडली असेल तर यंत्र नेटवरून तोडा. ज्यांनी उघडली असेल त्यांना मेल नको, फोन करा. त्या पत्त्यावरून आलेल्या दुसऱ्या मेलवर आता कोण विश्वास ठेवणार?"

हे मला कुणी शिकवायला नको होतं. संसर्ग झाला की संपर्कात कोण कोण आलं त्याची यादी करायची आणि एकेकाला गाठायचं, यात माझी हयात गेली. मी ह्यांचा फोन घेऊन आलेली उत्तरं वाचायला बसले. बरीचशी "काय हे?" अशीच होती. ज्याला मी दारातून परत पाठवलं होतं त्या सर्जननं मात्र लिहिलं होतं, "मीही तुम्हाला विसरलेलो नाही. बोटात आता अंगठी घालत नाही." आमच्या ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. मी म्हटलं, वाचा अजून एकदा, म्हणजे पाठ होईल.

त्याच्या खालचं उत्तर बारकीचं होतं.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, लोकांना गाडी चालवायला शिकवते. आम्ही सहा वर्षं एकमेकींशी बोललेलो नाही. तिनं लिहिलं होतं:

"ताई, तुझी मेल बघून विश्वासच बसेना. फोटो उघडत नाहीत गं. अँटीव्हायरस सारखा मध्ये येत होता, तो बंद केला, तरी उघडेनात. पुन्हा पाठवतेस का? आईचा खिडकीतला आहे ना त्यात?"

त्याच्याखाली तिच्याच आणखी तीन मेल होत्या. "अजून नाही उघडत." "दुसऱ्या पद्धतीनं बघते." शेवटची त्याच सकाळची, "घाई नाही. तुला जमेल तसं."

मी फोन उपडा ठेवला.

आता ते सहा वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं. आई आजारी होती, माझ्याकडेच होती. तिची खोली मी वॉर्डसारखी ठेवली होती: दारात हात धुवायचे, तोंडाला मास्क, भेटायची वेळ ठरलेली. एका संध्याकाळी बारकी आली, आणि तिला सर्दी झाली होती. नाक लाल, डोळ्यांना पाणी. मी तिला उंबऱ्यावरच अडवलं. म्हटलं, आईच्या छातीत आधीच कफ आहे, तुझी सर्दी तिला परवडणार नाही, बरी झालीस की ये. ती म्हणाली, लांबून बघते, मास्क लावते. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. ती दाराबाहेरून "आई, येते गं" असं ओरडली आणि गेली. आई पहाटे गेली.

पुस्तकातल्या नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं. आजही कुणी परीक्षा घेतली तर त्याला मार्क पूर्ण पडतील.

दिवस झाल्यावर बारकी मला जे जे बोलली ते मी इथे सांगणार नाही. मीही काही कमी बोलले नाही. शेवटी ती म्हणाली, फोटोंचा अल्बम तरी दे. मी म्हटलं, आधी शब्द मागे घे. तिनं घेतले नाहीत, मी अल्बम दिला नाही. मी मोठी, मी आधी का बोलू, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि सहा वर्षांनी माझ्या नावानं आधी कोण बोललं? व्हायरस. त्यानं तिला "प्रिय" म्हटलं, आठवण आली म्हणून सांगितलं, फोटो देऊ केले. जे मला जमलं नाही ते त्या मेल्यानं तीन ओळींत करून टाकलं.

आणि आता मीच तिला फोन करून सांगायचं, की बाई गं, आठवणबिठवण काही नाही, फोटोही नाहीत, संसर्ग आहे, हात लावू नकोस. पुन्हा तेच. पुन्हा दारात मीच.

"मी करू का फोन?" आमच्या ह्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

एक क्षण वाटलं, द्यावा ह्यांच्या हातात. मग वाटलं, कळवलंच नाही तर? तिला मेल माझी वाटते, वाटू दे. मी स्कॅन करून खरेच फोटो पाठवते, झालं गेलं विसरून जाईल. पण तिचं यंत्र उघडं पडलं होतं, तिचे सगळे पासवर्ड तिथे होते, आणि अँटीव्हायरस तिनं बंद केला होता तो माझ्यापायी. हे माहीत असून गप्प बसणाऱ्या नर्सला मी वॉर्डातून हाकलून दिलं असतं.

मी नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"ताई!"

"बारके, ऐक. ती मेल मी पाठवलेली नाही." मी भरभर बोलत होते, थांबले असते तर पुढचं निघालंच नसतं. "माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस झालाय. त्यात फोटो नाहीत. तुझ्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर आधी काढ. आत्ताच्या आत्ता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काढली," ती म्हणाली.

"पासवर्ड त्यावरून बदलू नकोस. मी तो गाढवपणा करून बसलेय."

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं गं. तू कधी मला प्रिय म्हणशील?"

"मग उघडत कशाला बसलीस?"

"कुणीतरी म्हणालं ना."

दुरुस्तीवाल्या बाई पाठ करून स्क्रू काढत होत्या. आमचे हे उगाच खिडकी पुसायला लागले.

"म्हणजे या वेळी सर्दी तुला झाली तर," बारकी म्हणाली. बोचेल असंच म्हणाली होती, आणि बोचलंच.

"हो," मी म्हणाले. "आणि मी तुला दिली. त्या दिवशी तुला आत येऊ द्यायला हवं होतं, बारके. सर्दीसकट. तिचं तसंही काही उरलं नव्हतं, मला दिसत होतं. मला दिसत होतं आणि तरी मी तुला नियम सांगत बसले. चुकलं माझं."

ती रडतेय हे मला कळत होतं. सांगायला लाज कसली, मीही रडत होते.

नाक ओढून ती म्हणाली, "आता काय करू सांग. कॉम्प्युटरचं."

बाईंनी न वळता एकेक सांगितलं, मी तिला सांगितलं. बंद केलेला अँटीव्हायरस चालू कर. झाला? आता सगळं यंत्र तपासायला लाव, घाईघाईतलं नाही, पूर्णवालं. उद्या सकाळी बाई स्वतः येऊन बघतील.

"किती वेळ लागेल?"

"दोन-अडीच तास," बाई म्हणाल्या.

"मग ठेवू फोन?" बारकीनं विचारलं.

मी कपाटाशी गेले, वरच्या फळीवरून अल्बम काढला आणि पलंगावर बसले. "मला मेलवरून आत्ता काही पाठवायची बंदी आहे," मी म्हणाले. "तोंडी सांगितलं तर चालेल?"

"काय?"

"पहिलं पान. आई शिडीवर चढलीय, भिंतीला रंग देतेय. खाली शिडी धरून मी. डोक्यावर बादली उपडी घातलेली ती तू."

"ती मी नाही, ती तू. शिडी मी धरलीय."

"चल! मला दिसत नाही का? फोटो माझ्या हातात आहे."

"बादलीत तोंड असलेलं माणूस तुला ओळखू येतं का?"

एका फोटोला दहा-दहा मिनिटं लागत होती. खिडकीतला आला तेव्हा तिनं तो मला तीनदा सांगायला लावला: आईनं कोपर कुठे टेकलंय, केस बांधलेले की सुटे, बघतेय कुणाकडे. मध्येच ती ओरडली, "ताई, एक व्हायरस सापडला! काढू?" मी म्हटलं, "विचारतेस काय, काढ!" बाई आपलं सामान भरून गेल्या. ह्यांनी चहा आणून ठेवला, तो निवला.

"ताई, झालं," बारकी म्हणाली. "एक होता तो गेला. आता काहीच नाही म्हणतंय. सगळं स्वच्छ."

अल्बमचा निम्मा भाग अजून उजव्या हाताला होता.

"असं कसं काहीच नाही?" मी म्हणाले. "परत लाव."

एरवी तिनं वाद घातला असता.

"लावलं," ती म्हणाली. "पुढचा सांग."