नळाची चावी उशाखाली

बोगनवेलीला फूल आलं, तर चावीवाल्यांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. एक, मुलगा पायऱ्या फोडून सिमेंटचा उतार करणार होता, तो टळला असता. दुसरी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पण आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे आम्हाला ठाऊक होती. बायको, म्हणजे आमच्या काकू, तो पाइप विसरेल, अशी त्यांना आशा होती.

पाइपाची गोष्ट अशी. चावीवाले एकतीस वर्षं गावाला पाणी सोडत. खांद्यावर लोखंडी चावी, मनगटावर घड्याळ, प्रत्येक गल्लीला एक दिवसाआड चाळीस मिनिटं. वाळवंटाच्या तोंडाशी वसलेल्या गावात असा माणूस म्हणजे बडं प्रस्थ, पण स्वतःच्या गल्लीलासुद्धा त्यांनी कधी एकेचाळिसावं मिनिट दिलं नाही. तक्रारवहीत त्यांच्या नावावर एक ओळ नाही. असा चोख माणूस निवृत्त झाला, आणि आठवड्याच्या आत अंगण शिंपून पाइप पायरीवर तसाच टाकून चहाला आत गेला. काकू वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या. खुब्याचं हाड मोडलं.

त्याला सात महिने झाले. काकूंनी पाइपाबद्दल ब्रसुद्धा काढला नाही. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं चावीवाल्यांना वाटायचं. बोलून टाकलेलं वाहून जातं, न बोललेलं साचतं.

म्हणून त्यांनी काकूंची वेल हाती घेतली. ती काकूंनीच खिडकीबाहेर, पायऱ्यांना लागून लावलेली. दरवर्षी उन्हाळा पेटला की खिडकीभोवतीची भिंत गुलाबी व्हायची. काकू तिला पाणी द्यायच्या ते पार मलूल झाल्यावर. चावीवाले याला विसराळूपणा समजत. आता त्यांनी वेलीला शिस्त लावली. सकाळी सहा दहाला दोन बादल्या, संध्याकाळी सहा दहाला दोन, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रीतसर नोंद. दुपारी एखाद्या पानाने मान टाकली, तर स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत उरकून उरलेली तिला. मान टाकलेलं पान म्हणजे त्यांच्या लेखी तक्रार.

वेलीने तक्रारीला जागा ठेवली नाही. पानं तळहाताएवढी झाली, फांद्या सामाईक भिंतीवरून आमच्याकडे डोकावू लागल्या. फूल मात्र औषधालासुद्धा नाही.

काकूंचंही तेच. पेला हातात, चष्मा हातात, जरा उठू म्हटलं की चावीवाल्यांचे दोन्ही हात काखेत. एक दिवसाआड व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी वैतागायची. "काका, चालायला नक्की कुणी शिकायचंय? तुम्ही की यांनी?"

शेवटी मुलाने गवंडी ठरवला. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे.

"बाबा, आईने सात महिने आकाश पाहिलेलं नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या एक तारखेला काम सुरू. पायऱ्यांच्या जागी उतार केला की चाकाची खुर्ची सरळ फाटकापर्यंत जाईल."

"आणि वेल?"

"काढावी लागेल. तसाही नुसता पालाच आहे."

"फुलेल. पाणी चालू आहे."

"ते बघतोय मी. मला टाकीत शिल्लक राहत नाही."

चाकाची खुर्ची हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. आतून काकूंनी कॅलेंडर मागवलं. दोन महिन्यांची पानं बोट ठेवून वाचली.

"दिवसाला चार बादल्या? अहो, वेल आहे की म्हैस?"

"ऊन बघ ना केवढं आहे."

"तोच तिचा हंगाम. पोट भरलं की ती पानं काढत बसते. फुलायला तिला तहान लागते."

"पानं माना टाकतील, अगं."

"टाकू देत. मी तेच बघून पाणी द्यायचे. तुम्हाला वाटायचं, ही विसरते."

चावीवाल्यांनी तीन दिवस कसेबसे काढले. चौथ्या दिवशी दुपारी चपला हातात घेऊन बाहेर गेले.

"कडी वाजली बादलीची," आतून आवाज आला.

"रिकामी आहे."

"रिकामी इतकी जड वाजत नाही. नळाची चावी काढून आणा इकडे."

अंगणातल्या नळाची पितळी चावी त्यांनी काढून दिली. एकतीस वर्षं गावाचं पाणी ज्यांच्या मुठीत, त्यांनी. काकूंनी ती उशाखाली सरकवली.

"आणि आजपासून मलाही हात द्यायचा नाही. पाणी हवं असलं तर मी उठेन."

"पडलीस तर?"

"तर पडेन. तुमच्या नावावर नाही मांडणार."

पुढचे पाच आठवडे चावीवाल्यांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. काहीच केलं नाही. मांड्यांखाली हात दाबून खुर्चीत बसून राहिले. आत काकू आधी पलंग, मग कपाट, मग भिंत धरत सरकायच्या. त्यांचं कण्हणं आम्हाला इकडे ऐकू यायचं. बाहेर गरम वारा वाळू आणून ओतायचा आणि वेलीची पानं झडायची. आठ दिवसांनी एकदा काकू चावी काढून द्यायच्या. "अर्धी बादली. नोंद नको." मुलगा येता-जाता एखादी काडी मोडून बघायचा. "ही गेलीच की."

महिनाअखेरीचे चार दिवस धुळीच्या वाऱ्याने सगळ्यांची दारं बंद होती. एक तारखेला वारा पडला. शेजारी गवंडी टेप घेऊन हजर झाला, आणि आम्ही झाडू घेऊन बाहेर आलो, तर आमची भिंत गुलाबी. पाणी पिऊन लांबलेल्या फांद्यांनी सगळा रंग आमच्या बाजूच्या उन्हात आणून टाकला होता. काकूंच्या खिडकीत मात्र नुसत्या काड्या.

आम्ही हाक मारली. "काकू, तुमची फुलं आमच्याकडे राहायला आलीत."

चावीवाले कात्री घेऊन धावले. "थांब, फांदी कापून आणतो तुला."

"कापू नका," काकू म्हणाल्या. "मीच येते."

दारापर्यंत बारा पावलं. मग तीन पायऱ्या. चावीवाले हात पाठीशी बांधून मागे. दुसऱ्या पायरीवर काकूंचा पाय थरथरला, तसा मुलगा पुढे झेपावला. चावीवाल्यांनीच त्याला अडवलं. "राहू दे. जमतंय तिला."

काकू फाटकाशी पोचल्या, वळून वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाइप गुंडाळून ठेवत जा."

"हो," चावीवाले म्हणाले. एवढंच.

गवंड्याने टेप खिशात घातला आणि चहा पिऊन गेला.

तर या फुलांसाठी कुणी काय मोजलं? वेलीने पानं, काकूंनी दुखणं, चावीवाल्यांनी हात बांधून काढलेले पाच आठवडे, गवंड्याने हातातलं काम. आम्ही काहीच मोजलं नाही, आणि फुलं सगळी आमच्या भिंतीवर. फक्त वारा ती रोज आमच्या दारात पाडतो. केर आम्हीच काढतो, आणि काकू स्वतःच्या पायांनी फाटकाशी येऊन राहिलेला कोपरा दाखवतात.