टुमकीचं दप्तर

प्रेमाच्या हाताला एक खोड होती. डोळ्यांसमोर जे दिसेल तेच तिला नीट काढता यायचं. मनानं रचून काढायला बसली की माणसांची बोटं भेंडीसारखी व्हायची. त्यामुळे बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या भाड्याच्या घरात जो कुणी घटकाभर स्वस्थ बसेल, तो कागदावर जायचाच. तिचा नवरा मकरंद सरकारी कारखान्यात इंजिनिअर. पेपर वाचताना आपलं तोंड उघडं राहतं, हे त्याला बायकोच्या चित्रातूनच कळलं. खाली राहणारे घरमालक कृष्णमूर्ती आणि त्यांच्या पत्नी ललितम्मा, तेही सुटले नव्हते. आजवर कुणी रागावलं नव्हतं. आपलं चित्र काढलं की माणूस खूशच होतो, अशी प्रेमाची समजूत होती आणि ती तपासून पाहायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

त्र्याण्णव साली एका आरोग्य संस्थेनं तिला काम दिलं. वयात येताना शरीरात काय काय होतं ते सांगणारं, मुलांसाठीचं चित्रांचं पुस्तक. मजकूर कन्नड आणि इंग्रजी, चित्रं प्रेमाची. “उपदेश नको,” संस्थेच्या बाई म्हणाल्या, “मुलं हसली पाहिजेत. हसताना भीती वाटत नाही.”

हे प्रेमाला अगदी मनापासून पटलं. तिला स्वतःला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगलीला मामाकडे ऐन लग्नघाईत, आपल्याला काहीतरी भयंकर रोग झालाय आणि आता आपण मरणार, असं समजून ती माळ्यावर रडत बसली होती. आपल्या मुलीला असं एकटं रडावं लागू नये, तिनं सरळ धावत आपल्याकडे यावं, एवढीच प्रेमाची इच्छा होती. शमिका पाळण्यात असल्यापासूनची.

पुस्तकाची नायिका ठरली टुमकी. शमिका तेव्हा अकरा वर्षांची. शाळेतून आली की गणवेशातच आईच्या टेबलाशी उभी राहायची आणि विनोद पुरवायची. मुरूम म्हणजे न कळवता आलेला पाहुणा, तोही नेमका वाढदिवसाला, ही कल्पना तिची. आवाज फुटलेल्या मुलाच्या एकाच वाक्यात बाबा आणि मांजर दोघं बोलतात, हीसुद्धा तिचीच. मायलेकी हसून हसून बेजार व्हायच्या. मकरंद एकदा डोकवायला आला, कागदावर काय चाललंय ते पाहिलं आणि टाकीत पाणी आलंय का ते बघायला गच्चीवर गेला. तो बराच वेळ खाली आला नाही, त्यावरही दोघी हसल्या. पाळीचं पान काढताना प्रेमानं सगळं समजावून सांगितलं. शमिकानं शंका विचारल्या, मुळीच लाजली नाही. प्रेमा मनातून सुखावली होती.

पुस्तक संपत आलं असताना एका सकाळी प्रेमा बाल्कनीत चहा घेत उभी होती. खाली शमिका फाटकातून बाहेर पडली. दोन पावलांवर थांबली, पाठीवरचं दप्तर काढलं, पुढून छातीशी घट्ट धरलं आणि खांदे आवळून चालू लागली. काही दिवसांपासून ती गणवेशाच्या आत दोन दोन बनियन घालत होती, ते प्रेमाच्या लक्षात आलंच होतं. दप्तराचा एक बंद तुटलेला होता आणि तिथं मोठी पितळी सेफ्टी पिन होती. ती प्रेमानंच लावली होती. उद्या मोच्याकडून शिवून आणते, असं ती रोज म्हणायची आणि चित्रांच्या नादात रोज विसरायची.

त्या वेळी तिनं खाली जायला हवं होतं. निदान संध्याकाळी पोरीला जवळ घ्यायला हवं होतं. पण हातानं आधी पेन्सिल उचलली. चहा निवून गेला आणि टुमकी कागदावर चालायला लागली: दप्तर पुढे, खांदे कानाला टेकलेले, बंदाला पिन. समोरून येणारं गाढवही तिच्या ओझ्याकडे कीव करून बघतंय. पुस्तकातलं सगळ्यात जिवंत चित्र तेच होतं. शमिकाला मात्र तिनं ते दाखवलं नाही. छापून आल्यावर गंमत वाटेल, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं.

जूनमध्ये पुस्तक आलं. तोवर शमिका सातवीत गेली होती, आणि तिच्याच शाळेनं प्रेमाला बोलावलं. प्रेमानं चित्रं मोठी करून नेली होती. पाहुणा मुरूम आला, वर्ग खिदळला. मांजराच्या आवाजाला तर बाकं वाजली. प्रेमा रंगात आली. मग तिनं दप्तराचं चित्र वर धरलं आणि हशा एकदम वाढला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून दप्तर छातीशी धरून मुरडत चालून दाखवू लागला. कुणीतरी “पिन बघ, पिन” म्हणालं आणि एकामागून एक माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. शमिकाचं दप्तर मांडीवर होतं. ती पिनेवर तळहात ठेवून बसली होती आणि आईकडे बघत होती. प्रेमाच्या हातात चित्र तसंच वर धरलेलं राहिलं.

घरी शमिका रडली नाही की भांडली नाही. “अगं, सगळ्याच मुलींना असं वाटतं, म्हणून तर काढलं,” प्रेमा म्हणाली. शमिका म्हणाली, “हो.” त्यानंतर ती आईच्या टेबलाशी आली नाही. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, जेवायची, अभ्यास करायची. दप्तर पाठीवर घेऊन पोक काढून चालायची. प्रेमानं बंद शिवून आणला, तेव्हा “थँक्यू” म्हणाली. आईला थँक्यू म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. चार दिवसांत विसरेल, असं म्हणत प्रेमानं सगळा पावसाळा घालवला. माफी मागायचं तिच्या मनात यायचं, पण लोक पुस्तकाची तारीफ करत होते आणि त्या तारिफेत चूक कबूल करणं जड जात होतं.

दसऱ्यानंतर एका दुपारी ललितम्मांनी तिला खाली बोलावलं. त्यांचं माहेर बेळगावचं, त्यामुळे मराठी येत होतं. त्यांनी तिच्या हातात एक वाटी ठेवली. आत चिगळी होती, तीळ आणि गूळ कुटून केलेले लाडू. न्हाण आलेल्या मुलीला इकडे पाटावर बसवून ओवाळतात आणि हे लाडू खायला देतात, हे प्रेमाला ठाऊक होतं. पुस्तकात तिनं यावर एक चित्रही काढलं होतं: एक गोल मामी टुमकीच्या तोंडात लाडू कोंबतेय. मामीचा चेहरा ललितम्मांचा होता.

“परवा आली बघ माझ्याकडे, शाळेतनं थेट,” ललितम्मा म्हणाल्या. “घाबरलेली नव्हती. सगळं माहीत होतं तिला. कापड दिलं, ओवाळलं. आईला सांगू नका म्हणाली. मी दोन दिवस गप्प बसले, पण आईपासून असं लपवू नये, सरी ना?”

प्रेमानं विचारलं, “माझ्याकडे का नाही आली?”

ललितम्मा जरा घुटमळल्या. “मी पण तेच विचारलं की. म्हणाली, आई चित्र काढेल.”

जिना चढताना प्रेमाला रडू आलं, ते तिनं दारापाशी पुसलं. शमिका अभ्यास करत बसली होती. वाटी पाहिल्यावर तिला सगळं समजलं. तिनं आधी आईच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. त्यात पेन्सिल नव्हती.

प्रेमा तिच्यासमोर बसली. “चुकलं माझं, शमू. ते चित्र मी काढायलाच नको होतं.”

शमिकानं एक लाडू उचलला, त्याच्यावरचे तीळ नखानं काढत राहिली. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता.

“काढायला हरकत नव्हती. चांगलं होतं ते. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.” मग थोडं थांबून म्हणाली, “फक्त पिन काढू नको म्हणाले असते.”