शाळामास्तरांचं मानद सदस्यत्व

योगिनी देवस्थळी आयर्लंडमधल्या कासलबारजवळच्या एका मेडिकल डिव्हाइस कारखान्यात क्वालिटी विभागात होती. शेजारी डेलिया रुआन राहायच्या, वय चौऱ्याऐंशी, लग्न केलेलं नाही. एका रविवारी त्यांनी तिला एक जुनं पत्र दाखवलं. अमेरिकेतल्या एका इतिहास संस्थेनं १८३१ साली त्यांच्या खापरपणजोबांना, मार्टिन रुआन या खेड्यातल्या शाळामास्तरांना, मानद सदस्य करून घेतल्याचं त्यात लिहिलं होतं.

"लोक म्हणायचे, मास्तरांनी स्वतःच ते लिहिलं," डेलिया म्हणाल्या. "खरं काय ते तू विचारून बघशील?"

योगिनीनं पत्र स्कॅन करून संस्थेला पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्र खरं होतं, पण निवड झाली होती डब्लिनच्या त्याच नावाच्या एका विद्वानाची. चूक वर्षभरानं लक्षात आली. तोवर मास्तरांचं उत्तर पोचलं होतं. सदस्यानं संस्थेला ग्रंथ भेट द्यायची रीत होती; आपल्याकडे ग्रंथ नाहीत, म्हणून त्यांनी गावातल्या एकसष्ट घरांतल्या माणसांची नावं आणि वयं लिहून पाठवली होती. ती वाचून सभासदांनी एकमतानं त्यांचं नाव तसंच ठेवलं. त्या यादीची प्रतही संस्थेनं सोबत जोडली होती.

ही चूक डेलियांना सांगावी का, यावर योगिनीनं दोन दिवस घालवले. मग यादीची प्रिंट घेऊन गेली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे चुकून," डेलिया म्हणाल्या. "आणि ही ती यादी?"

ती यादी लिहिल्यावर पंधरा-वीस वर्षांत दुष्काळानं ते गाव रिकामं झालं होतं. काही मेले, काही बोटीनं गेले. आता तिथं मेंढ्या चरतात. त्या काळची चर्चमधली जन्म-मृत्यूंची वहीही उरलेली नव्हती.

डेलियांनी भिंग घेऊन एकेक घर वाचलं. चौथ्या पानावर थांबल्या.

"रुआन मार्टिन, शाळामास्तर. बायको ऑनर. मुलं चार." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "चार? आम्हाला फक्त टॉम माहीत. माझे पणजोबा."

योगिनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"माझे डोळे दमले," डेलिया म्हणाल्या. "बाकीच्या तिघांची नावं तू वाच. सावकाश वाच."

"मेरी, सहा वर्षं," योगिनीनं वाचलं. "पॅट्रिक, चार. ब्रिजेट, दोन महिने."